पाच गाठींची पिशवी

दिवाळी संपली की माझं मशीन आठ-दहा दिवस गप्प बसतं. दसऱ्याच्या आधी पांढऱ्या ब्लाउजांची गर्दी असते. दीक्षाभूमीवर जायचं म्हणून अर्धी वस्ती पांढरी साडी काढते. त्यामागून दिवाळीचे रंगीत येतात, आणि तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराईचे जड काठाचे, अस्तराचे सुरू होतात. मधे हे एवढेच दिवस मोकळे. हातांना काम नसतं आणि पायांना ते कोणी सांगितलेलं नसतं. मी चहा पीत बसले तरी टाच हलत राहते. आमचे हे बघतात आणि म्हणतात, "काय वं, बिनमशीनचीच शिवून राहिली का?"

यंदाही टाच हलायला लागली. गच्च्यांवर गोधड्या पडल्या. सकाळी नऊ-साडेनऊचं ऊन आमच्या गल्लीत तिरपं येतं आणि पेट्यांमधून काढलेल्या कापडाचा वास जिन्याजिन्यावरून खाली उतरतो: डांबरगोळी, जुना कापूस, थोडी ओल. कोपऱ्यावर संत्र्याची गाडी उभी राहते आणि बाया तिथेच सालं सोलत बोलत राहतात. परवा समोरच्या घरची सुनंदा कठड्यावरून ओरडली, "शोभा, रविवार कोणता धरून राहिली वं?"

"पाहू," मी म्हटलं.

"पाहू म्हटल्यानं कसं होईल? बाया मले विचारून राहिल्या."

मी मान हलवली आणि आत आले. पलंगाखाली पिशव्या होत्या. वाकून बघितल्या, पण ओढल्या नाहीत.

रविवार म्हणजे आमच्या गल्लीत कतरणीचा रविवार. वर्षभर मी ब्लाउज शिवते. प्रत्येक ब्लाउजामागे मूठभर कतरण उरते. मुंढ्याचा अर्धचंद्र, गळ्याचा गोल, बाहीच्या बाजूची पट्टी. दुसऱ्या टेलरबाया ती पोत्यात भरून कचऱ्याच्या गाडीत टाकतात. आमच्या घरी ती कधीच टाकली गेली नाही, कारण आमच्या घरी बाई होत्या. बाई म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई. वर्षभराची कतरण निवडून, पिशव्या बांधून, दिवाळी आणि लग्नसराईच्या मधल्या रविवारी त्या ओट्यावर मांडून बसायच्या. पंधरा-वीस बाया यायच्या. प्रत्येकीनं आपल्या घरची एक मूठ आणायची. नवऱ्याच्या फाटक्या सदऱ्याची असो, पोरीच्या फ्रॉकची असो, पण मूठ टाकल्याशिवाय पिशवी उचलायची नाही. आणि ज्या घरी हिवाळ्यात बाळंतपण असेल त्या घराचा पहिला मान. ती बाई आधी पिशवी निवडणार, मग बाकीच्या. मग दिवाळीचा उरलेला चिवडा, चहा, आणि "तुह्या सुनेनं अजून अळणीच केला वं" अशी चेष्टा.

बाईंचं माहेर खाप्याचं. घरी माग होता. लहानपणी त्यांनी सूत रंगवलं, खळ घातली, बापाच्या हाताखाली कांड्या भरल्या. शाळेचं तोंड त्यांनी पाहिलं नाही. भासरे, म्हणजे बाईंचे मालक, तर मी लग्न होऊन येण्याच्या आधीच गेले होते. मूलबाळ नाही. माहेरचे म्हणाले, चाल परत; बाई म्हणाल्या, माझं घर हे आहे. मी आले तेव्हा त्या दारात भाकरतुकडा घेऊन उभ्या होत्या. ओवाळणं झाल्यावर त्यांनी सगळ्यात आधी माझ्या शालूचा पदर दोन बोटांत धरून चोळला होता आणि म्हटलं होतं, "बरा आहे. रंग पक्का आहे." मला तेव्हा भारी राग आला होता. बाप्पा, नवी नवरी दारात उभी आणि ही बाई कापड पाहून राहिली!

एकोणतीस वर्षं आम्ही एका छताखाली काढली. मी मशीनवर, त्या जमिनीवर. माझं तोंड भिंतीकडे, त्यांचं दाराकडे. खरं सांगायचं तर मला त्यांच्या कामाचं फार काही वाटत नव्हतं. घर माझ्या शिवणाने चालतं, गिऱ्हाईक माझ्याकडे येतं, आणि ह्या आपल्या चिंध्या निवडत बसल्या आहेत, असं मनात यायचं. तोंडाने कधी म्हटलं नाही. पण त्यांना कळत नसेल असं कसं म्हणू? दोन बोटांत धरून कापडाची जात सांगणारी बाई. माझी जात त्यांना कळली नसेल?

त्यांची निवड कोणाला समजायची नाही. मी रंगाने लावले असते. लाल एकीकडे, हिरवे एकीकडे. बाई रंग बघतच नव्हत्या. कापड कसं वागते ते बघायच्या. पाणी पिणारं कापड, सुती, मऊ, अंगाला लागणारं, त्याच्या पिशवीच्या नाडीला एक गाठ. हातातून निसटणारं, जॉर्जेट-साटन, त्याला दोन गाठी. कडेनं धागे सोडणारं, जे फक्त पोटात भरायला चालतं, त्याला तीन. रंग सोडणारं, त्याला चार. पिशव्या आमचे हे आणायचे. वाडीला ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनमध्ये कामाला आहेत, तिथे नाडीच्या जाड पिशव्या फाटक्या म्हणून काढून टाकतात. बाई त्या धुऊन, ठिगळ लावून वापरायच्या. लिहिता येत नव्हतं, म्हणून गाठी.

रंग पाहायची त्यांची रीत तर अशी होती की गिऱ्हाइकासमोर मला लाज वाटायची. कतरणीचा कोपरा जिभेवर ओला करायचा आणि पांढऱ्या कापडावर घासायचा. पांढरं कापड कुठून यायचं? दसऱ्याच्या ब्लाउजांची कतरण. ढीगभर असायची. बाई म्हणायच्या, "पांढऱ्यासमोर कोणाचंच खोटं चालत नाई." आणि गिऱ्हाईक बघत राहायचं की ही म्हातारी चिंध्या काहून चाटून राहिली.

शेवटच्या हिवाळ्यात, म्हणजे त्या गेल्या त्याच्या आधीच्या दिवाळीत, त्या मला म्हणाल्या होत्या, "शोभे, बस नं वं जरा. गाठी सांगून ठेवते तुले."

"माहीत आहे मले गाठी," मी म्हटलं.

"सगळ्या नाई माहीत."

"आता नाई जमत, बाई. सतरा ब्लाउज पडून आहे. दिवाळी झाल्यावर बसते."

दिवाळी झाली. मग तुळशीचं लग्न झालं, मग लग्नसराई आली. त्या जमिनीवर बसून माझ्या पाठीशी बोलत राहायच्या आणि मी मशीन चालवत "हूं, हूं" करायची. मशीनचा आवाज मोठा असतो. अर्धं ऐकू येतं, अर्धं मशीन खातं. मी थांबवलं असतं तर ऐकू आलं असतं. पण टीप मधे थांबवली की वाकडी होते, हे मला माहीत होतं.

वैशाखात गेल्या. दुपारी. बाहेर नागपूरचं ऊन, आत कूलर. जेवण झालं, भांडी झाली, म्हणाल्या, "जराशी पडते." मी साड्यांचे फॉल लावत होते. तीन फॉल झाले. चार वाजता चहा ठेवला आणि हाक मारली. मग जाऊन बघितलं. मी आधी कूलर बंद केला. त्यांना थंडी लागेल असं वाटलं की काय, माहीत नाही. कूलर बंद केला, टाकीतलं पाणी किती उरलं ते बघितलं, आणि मग यांना फोन केला.

मला रडू आलं नाही. लोकांनी वाट पाहिली. खाप्याहून माणसं आली, माझ्या गळ्यात पडली, त्यांची आसवं माझ्या खांद्यावर पडून ब्लाउज ओला झाला आणि मला वाटलं, टू-बाय-टूचं कापड आहे, वाळेल लवकर. तेरवीला बाया ओळीने बसल्या होत्या. कोणाचा खांदा उतरतो आहे, कोणाचा गळा मागून उघडा पडतो आहे, हे मला दिसत होतं. एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, माझ्या कानावर आलं, "एवढी वर्षं संग राहिल्या, पण डोळ्यात टिपूस नाई हिच्या." मला रागही आला नाही. तिचं बरोबरच होतं.

गेल्या वर्षी हिवाळा येईपर्यंत मी अशीच राहिले. माणसं विचारतात, दुःख झालं का? मला तेव्हा काहीच होत नव्हतं. भूक लागायची, जेवायची. झोप लागायची. पाऊस येऊन गेला, गणपती झाले, पांढरे ब्लाउज शिवले, दिवाळीचे शिवले. हात चालत होते. हाताला माझी गरज नव्हती. फक्त एक व्हायचं, मशीन थांबवलं की मागे वळून बघायची सवय लागली. आधी कधी बघितलं नव्हतं. जमिनीवरची ती जागा, सतरंजीचा चौकोन, तिथल्या फरशीचा रंग जरा वेगळा होता. मी बघायची आणि परत भिंतीकडे तोंड करायची.

त्या वर्षीचा रविवार मी धरला नसता. सुनंदानं धरला. तिची मुलगी पिंकी पारशिवनीला दिली आहे, ती पहिल्या बाळंतपणाला आली होती. सुनंदा सकाळीच आली आणि म्हणाली, "बाईनं मले कबूल केलं होतं. पिंकीच्या लेकराचं दुपटं माह्या कतरणीचं होईल म्हणे. आता बाई नाई, पण कतरण तं आहे नं?"

होती. बाईंनी जायच्या आधी निवडून ठेवलेल्या पिशव्या पेटीत तशाच होत्या. मी त्या ओट्यावर मांडल्या. बाया आल्या, मुठी टाकल्या. आधी सगळ्या माझ्या तोंडाकडे बघून हळू बोलत होत्या, मग चहा झाला आणि आवाज चढले. मला बरं वाटलं नाही की वाईट वाटलं नाही. कोणीतरी म्हणालं, "पिंकीचा पहिला मान." आणि सुनंदा पिशव्या चाचपायला लागली. तिचं मन भरेना. "यापेक्षा छान नाई का वं? पहिलं लेकरू आहे."

तेव्हा मी आत गेले आणि पेटीच्या तळाशी हात घातला. तिथे एक लहान पिशवी होती, बाकीच्यांच्या निम्मी. नाडीला पाच गाठी. घट्ट. पाच गाठींची पिशवी मी कधी बघितली नव्हती, कारण बाई ती ओट्यावर काढतच नव्हत्या. दातांनी गाठी सोडवल्या. आत काय सुंदर कापड! कडक, कोरं, खळ असलेलं. लाल, गर्द निळा, बाटलीचा हिरवा. प्रत्येक तुकड्याला एका टाक्याने एक पांढरी पट्टी टाचलेली होती. मला वाटलं, बाईंनी जपून ठेवलेलं दिसते. घरातली चांगली वस्तू आपण सगळ्यात खाली ठेवतो, सगळ्यात घट्ट बांधतो. दागिना असो की लग्नातली पैठणी. मग कतरणीचंही तसंच असेल. मी पांढऱ्या पट्ट्या उसवून काढल्या, चुरगाळून कचऱ्यात टाकल्या आणि पिशवी सुनंदाच्या हातात दिली. "हे घे. बाईंनी खास ठेवलं होतं."

सुनंदाच्या डोळ्यात पाणी आलं. माझ्या नाही.

तिने आणखी एक मागितलं. दुपट्याच्या खालच्या बाजूला बाईंचं जुनं पातळ. पांढरं, बारीक निळ्या काठाचं, धुऊन धुऊन सायीसारखं झालेलं. सुनंदाची सासू दारात उभी होती. ती म्हणाली, "गेलेल्या माणसाचं पातळ? लेकराच्या अंगाखाली?" सुनंदा म्हणाली, "माणूस कुठलं, बाई होत्या त्या." मी पातळ आणून दिलं. तेवढंच उरलं होतं. बाकीची तेरवीला वाटून टाकली होती.

सुनंदानं ते दुपटं आठ दिवसांत शिवलं. दुपारी गच्चीवर बसून धावदोरा घालायची, मला कठड्यावरून दिसायची. पिंकीला मुलगी झाली. बाराव्या दिवशी पाळण्यात ते दुपटं घातलं होतं. लाल, निळे, हिरवे तुकडे, खाली बाईंचं पातळ. सगळ्या बाया म्हणत होत्या, बाईचा हात लागला लेकराला. मी पाळण्याची दोरी ओढली, नाव सांगितलं, घुगऱ्या खाल्ल्या आणि घरी येऊन दोन ब्लाउज कापले.

लेकराचं दुपटं रोजच धुवावं लागतं. पहिल्या दिवशी धुतलं, काही नाही. दुसऱ्या दिवशी धुतलं, काही नाही. तिसऱ्या दिवशी सुनंदा बादलीसकट माझ्या दारात आली. पाणी लालभडक. दुपट्याचा लाल हिरव्यात गेला होता, निळा लालात गेला होता, आणि खालचं पातळ, बाईंचं ते पांढरं पातळ, जागोजागी गुलाबी, जांभळं, डागाळलेलं.

"हे पाय, शोभा," ती म्हणाली. "दोन डाव धुतलं तं काहीच नाई झालं वं. आज काहून असं केलं?"

मागे तिची सासू होती. "मी म्हटलं होतं," एवढंच ती म्हणाली.

सुनंदा भांडली असती तर बरं झालं असतं. ती भांडली नाही. बादली खाली ठेवून ओट्यावर बसली आणि म्हणाली, "बाईची आठवण म्हणून घेतलं होतं." मी पेटीकडे गेले. सुनंदानं परत आणून दिलेली ती पाच गाठींची पिशवी तिथे रिकामी पडली होती. उलटी करून झटकली. कोपऱ्यात अडकलेला एक तुकडा निघाला, लाल, नखाएवढा, आणि त्याला टाचलेली पांढरी पट्टी. माझ्या हातून एवढी एकच सुटली होती.

पट्टी मी खिडकीशी नेली. तिच्यावर तीन जागा होत्या. प्रत्येक जागेच्या भोवती बारीक टाक्यांचा चौकोन घातलेला. पहिला चौकोन कोरा. दुसरा कोरा. तिसऱ्यात लाल डाग.

तिथे उभ्या उभ्या मला मशीनच्या आवाजातून बाई ऐकू आल्या. माझ्या पाठीशी बसून बोलत होत्या, आणि मी "हूं" म्हणत होते. "एक कापड असते, शोभे, पहिल्या पाण्याले कायी बोलत नाई. दुसऱ्याले नाई बोलत. आपल्याले वाटते, लय पक्कं आहे. पण खळीनं धरून ठेवलेलं असते त्याले. खळ गेली का सारं एकदम सोडते. थे वाटायचं नाई कोणाले. थे आपल्याच घरी ठेवायचं, धू-धू धुवायचं, अन् मंग वापरायचं." मी काय म्हटलं होतं? "हूं."

एकेका तुकड्याची बारीकशी चिंधी कापून ती तीन तीन वेळा धुऊन, वाळवून, पांढऱ्यावर घासून, चौकोन शिवून त्यांनी पट्टी टाचली होती, बाकीचा तुकडा कोराच ठेवला होता. लिहिता न येणाऱ्या बाईने एवढं स्पष्ट लिहून ठेवलं होतं, आणि मी ते उसवून कचऱ्यात टाकलं. दहावी शिकलेली मी.

सुनंदाला मी म्हटलं, "दुपटं ठेवून जा."

मग पुढचे चार दिवस मी लग्नसराईचा एक ब्लाउज घेतला नाही. गिऱ्हाइकं दारातून परत पाठवली. सतरंजी काढली, बाईंच्या जागेवर अंथरली आणि दाराकडे तोंड करून बसले. पहिल्यांदा तिथे बसले. तिथून सगळं दिसतं. गल्ली दिसते, ओटा दिसतो, आणि मशीनवर बसलेल्या माणसाची पाठ दिसते. एकोणतीस वर्षं त्या माझ्या पाठीकडे बघत बोलल्या.

सुनंदाचा धावदोरा मी टाका टाका उसवला. तिचा हात बारीक आहे, उसवायला वेळ लागला. सगळे तुकडे वेगळे केले. पातळ वेगळं केलं. अंगणात घमेलं ठेवून तुकडे मिठाच्या पाण्यात टाकले, चोळले, पिळले, दोरीवर वाळवले. पुन्हा टाकले. दुपारच्या उन्हात अंगणाच्या फरशीवर लाल ओहोळ जायचा, मग निळा. पहिल्या दिवशी मी चोळत होते तेव्हा मला फक्त हात गार पडल्याचं कळत होतं. दुसऱ्या दिवशीही तेच. पाणी बदलायचं, चोळायचं. एवढं बघत होते की पाणी स्वच्छ कधी येते.

तिसऱ्या दिवशी पातळ घेतलं. मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. ते काही रंग सोडणारं नव्हतं, दुसऱ्याचा रंग अंगावर घेऊन बसलं होतं. घमेल्यात टाकलं, पाण्यात फुगलं, आणि त्यातून बाईंचा वास आला. डांबरगोळीचा नाही, साबणाचा नाही. मानेजवळचा वास. खोबरेल आणि कापूस. इतक्या पाण्यातून कसा काय आला देव जाणे. मी तो काठ धरून बसले होते आणि माझ्या तोंडून आवाज निघाला. मला आधी वाटलं बाहेर कुत्रं आहे.

हे घरी होते. धावत आले. "काय झालं वं? काय झालं?" मी घमेल्याच्या कडेला डोकं टेकवून रडत होते, सात महिन्यांचं, मोठ्याने, लहान पोरासारखं नाक गाळत. यांनी मला उठवायला बघितलं, मग सोडून दिलं आणि बाजूला पाटावर बसून राहिले. समोर कठड्यावर सुनंदा येऊन उभी राहिली. तिची सासूही आली. मी म्हणत होते, "बसली असती तं काय झालं असतं? दहा मिनिटं बसली असती." तेवढंच म्हणत होते.

मग संध्याकाळी पातळ पिळून वाळत घातलं. डाग पूर्ण गेले नाहीत. जांभळा गेला, गुलाबी राहिला. मी सुनंदाला म्हटलं, खालचं कापड दुसरं लावू, नवं मलमल आणते इतवारीतून. तिच्याआधी तिची सासू बोलली. "हेच लाव. आता धुतलं नं एवढं, मंग हेच लाव."

ते मी लावलं. मशीनवर नाही, हाताने. मला धावदोरा नीट येत नाही. तीस वर्षं मशीन चालवणाऱ्या बाईचे टाके वाकडे पडले. सुनंदानं पाहिलं आणि हसली. "बाईनं हे पाहिलं असतं नं, उसवलं असतं सारं." मीही हसले. पुन्हा रडले. तेव्हापासून असंच चालू आहे. केव्हाही येतं. भाजी निवडताना येतं. काज करताना येतं. सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी धुताना नळाखाली हात गार पडले की येतं. एवढे महिने काही नव्हतं आणि आता थांबत नाही. एकदा तर गिऱ्हाइकाच्या छातीचं माप घेताना आलं, ती बिचारी घाबरली, म्हणाली, "ताई, लय वाढलं काय माप?"

आता यंदाचा रविवार. काल शेवटी पलंगाखालच्या पिशव्या बाहेर ओढल्या. ह्या बाईंच्या नाहीत, माझ्या आहेत. वर्षभर मशीन थांबवून, अर्धा अर्धा तास जमिनीवर बसून मी निवडल्या आहेत. जिभेवर कोपरा ओला करते आणि दसऱ्याच्या पांढऱ्या कतरणीवर घासते. गिऱ्हाईक बघतं, बघू दे. तीन वेळा धुते. चौकोन शिवते. माझे चौकोन बाईंच्यासारखे सरळ येत नाहीत. एक, दोन, तीन, चार गाठींच्या पिशव्या ओट्यावर जातील. पाच गाठींची घरीच राहील.

पण यंदा मला एकटीला ते ठेवायचं नाही. आज सकाळी सुनंदाकडे जाऊन म्हटलं, तुझ्या सुनेला पाठव, गाठी सांगते. तिला वेळ नसेल तर तू ये, तुला वेळ नसेल तर मी तुझ्या घरी येऊन बसते, पण ऐकून घ्या. सुनंदा कणीक मळत होती. पिंकी माहेरी आली आहे. तिची पोरगी वर्षाची होईल आता, धरून धरून चालते. ते दुपटं ती सोडत नाही. एक टोक मुठीत, बाकीचं फरशीवर फरफटत, अशी ती माझ्याकडे आली आणि माझ्या गुडघ्याला टेकून उभी राहिली.

माझ्या ब्लाउजात एक पांढरी पट्टी खोचलेली होती. हल्ली असतेच. मी दुपट्याचा लाल कोपरा जिभेला लावला, पोरगी तोंड उघडं ठेवून बघत राहिली, आणि पट्टीवर घासला. वर्षभर रोज धुतलेलं कापड. खिडकीशी धरून बघितलं. फिकट, अगदी फिकट, पण डाग आला.

"सुनंदा," मी म्हटलं, "अजून सुटून राहिला वं."

तिने कणकेतून हात काढला नाही. वळून माझ्याकडे बघितलं, पट्टीकडे नाही.

"सुटू दे," ती म्हणाली.